दाढ काढून टाकणं सोपं आहे, वाचवायची असेल तर?

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे. गाव गारगोटीजवळ, शिकायला कोल्हापुरात हॉस्टेलवर राहते. खालच्या डाव्या बाजूच्या दाढेला कीड लागून खड्डा पडलाय. आधी गार पाणी लागलं की कळ यायची. महिनाभरापासून रात्री ठणका लागतो. मेडिकलमधून दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तेवढ्यापुरतं थांबलं. एका खासगी दवाखान्यात रूट कॅनल आणि कॅप सांगितली, पण तो आकडा घरी सांगायची सोय नाही. आई म्हणते, काढून टाक, कटकट मिटेल. शाळेत डॉक्टरांची गाडी यायची, दात फुकट बघायची. आता तसं काही आहे का? सरकारी दवाखान्यात फक्त दात उपटतात असं मैत्रिणी सांगतात, खरं का? आणि माझा भाऊ २४ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, मावा खातो. हल्ली त्याला मोठा घास घेता येत नाही. त्याचं काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

तुमच्या मैत्रिणी अर्ध्या बरोबर आहेत. दाढ काढायला एक इंजेक्शन, एक चिमटा, थोडा कापूस आणि वीस मिनिटं लागतात. रूट कॅनलला, म्हणजे दाढेच्या आतला सडका गाभा काढून मुळांच्या नळ्या साफ करून भरायला, दोन ते चार खेपा, प्रत्येक खेपेला पाऊण तास, दोन-तीन छोटे एक्स-रे आणि बारीक सुयांचा अख्खा संच लागतो. बाहेर चाळीस जण उभे असताना एकट्या डॉक्टरांसमोर बसून तुम्ही नुसतं ‘दाढ दुखतेय’ म्हणालात, तर सगळ्यात जवळचा रस्ता दाढ काढण्याकडेच जातो. यात डॉक्टरांची खोट नाही. म्हणून आधी दाढेची अवस्था समजून घ्या, तिचं काय करायचं ते मनाशी ठरवा आणि मग दवाखाना निवडा. बहुतेक जण याच्या उलट करतात.

दाढ कुठल्या टप्प्यावर आहे हे दुखण्याच्या तऱ्हेवरून बरंचसं कळतं. गार किंवा गोड लागलं की कळ येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, तेव्हा कीड आतल्या नसांपर्यंत पोचलेली नसते. ते काम फिलिंगवर भागतं. गार लागल्यावर कळ मिनिट-मिनिट रेंगाळते, काही न लागता आपोआप ठणका सुरू होतो, रात्री आडवं झालं की वाढतो, हा पुढचा टप्पा. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा असतो आणि त्याच्या चारी बाजूंनी टणक भिंती. गाभा सुजला की त्याला फुगायला जागाच नसते. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून कळ रात्रीची. इथं फिलिंगनं भागत नाही, रूट कॅनल लागतं. तुमच्या पत्रातलं वर्णन या टप्प्याचं आहे.

यानंतरचा टप्पा फसवा. एक दिवस ठणका अचानक थांबतो आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. तेव्हा नस मेलेली असते आणि पू मुळाच्या टोकाशी साठायला लागलेला असतो. पुढं चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते, बोटाच्या नखानं टकटक केलं की दुखते, हिरडीवर पुळी येते. तेव्हाही दाढ वाचू शकते, पण खेपा वाढतात. दुखायचं थांबलं म्हणून जाणं पुढं ढकलू नका.

मेडिकलच्या गोळ्यांबद्दल. सुजलेला किंवा मेलेला गाभा बंद डबीत असतो. तिथं रक्त नीट पोचत नाही, म्हणून अँटिबायोटिकही पोचत नाही. तुम्हाला आराम पडला तो बहुधा जोडीच्या वेदनाशामक गोळीमुळे. अँटिबायोटिक लागतं ते गालाला सूज, ताप, गाठी असं काही असेल तेव्हा, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं. तिसरा कोर्स घेऊ नका. दवाखाना गाठेपर्यंत जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसाला जास्तीत जास्त तीन, दोन-तीन दिवसच. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर ही गोळी नको. मग पॅरासिटामॉल ५०० च्या एक-दोन गोळ्या, दोन मात्रांत निदान सहा तासांचं अंतर, २४ तासांत आठच्या वर कधीच नाही. दाढदुखीच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, तेव्हा पाकीट उलटून वाचा. लवंगेचं तेल हिरडीवर ओतू नका आणि ॲस्पिरिनची गोळी गालात धरू नका. दोन्हींनी कातडी भाजते आणि एका दुखण्याची दोन होतात.

शाळेत येणारी ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असणार. तो कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतचा आहे. अठरा पूर्ण झाली की तुम्हाला शोधत कुणी येत नाही, आणि नेमक्या याच वयात हॉस्टेलचा चहा-बिस्कीट, अक्कलदाढा आणि रिकामा खिसा एकत्र येतात. तरुणांसाठी वेगळी मोफत दंतयोजना अशी नाही. मात्र सर्वांसाठी जे आहे त्यात तुमचं काम होऊ शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड घरात असेलच, पण त्यावर रूट कॅनल किंवा फिलिंग होत नाही. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर अशा मोठ्या उपचारांसाठी ते आहे. ते कार्ड घेऊन दाताच्या ओपीडीत वाद घालण्यात सकाळ घालवू नका.

आता कुठं जायचं ते. पहिला पर्याय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो. शहरात कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय, जिल्ह्यात गडहिंग्लज आणि कोडोलीची उपजिल्हा रुग्णालयं, इचलकरंजीचं आयजीएम ही या विभागाची. तुमच्या घराजवळचं गारगोटीचं ग्रामीण रुग्णालयही त्यातलंच. दातांचे डॉक्टर कुठे रोज असतात, कुठे ठरावीक वारी. म्हणून निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा : दाताची ओपीडी कुठल्या वारी असते, आणि रूट कॅनल होतं का. ‘दाताचं सगळं होतं का’ असं विचारलंत तर ‘हो’ हेच उत्तर येईल आणि त्यातून काही कळणार नाही.

दुसरा पर्याय सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, दसरा चौकाजवळ. तो राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतो. त्यामुळे २०२३ चा तो मोफतचा निर्णय त्याला सरसकट लागू नाही. केसपेपरला आणि काही उपचारांना सरकारी दरानं थोडे पैसे पडतात. खिशात शंभर-दोनशे रुपये सुटे ठेवा आणि पिवळं रेशनकार्ड असेल तर सवलतीचं विचारा. सूज, अपघात, अवघड अक्कलदाढ, तोंडातला चट्टा, अशा कामांसाठी सीपीआरसारखी जागा नाही, कारण तिथं बाकीचे विभागही एका आवारात आहेत.

तुमच्या दाढेसाठी आमचा कल मात्र तिसऱ्या पर्यायाकडे, दंत महाविद्यालयाकडे. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, वाठारवरून वारणानगरकडे जाताना. सांगली बाजूला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. ही खासगी आहेत, पूर्ण फुकट समजून जाऊ नका. पण शिकणाऱ्यांना पेशंट लागतात, त्यामुळे दर बाहेरच्या दवाखान्याच्या मानानं बरेच कमी असतात. काम विद्यार्थी करतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक पायरी शिक्षक तपासतात, एक्स-रे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. किंमत मोजावी लागते ती वेळेची. बाहेर तासात होणारं काम इथं अर्धा दिवस घेतं, कारण विद्यार्थी प्रत्येक टप्प्यावर सरांची वाट बघतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे चार खेपांचा प्रवासखर्च दोन खेपांचाच झाला. जमलं तर पदव्युत्तर विभागात रूट कॅनल करून मागा. तिथले विद्यार्थी आधीच डॉक्टर झालेले असतात आणि पुढची तीन वर्षं याच कामात घालवतात. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात कॉलेजचं काम मंदावतं, तेव्हा पहिल्याच दिवशी पुढच्या तारखा लिहून घ्या.

म्हणजे तुमचा क्रम असा लागतो. कसबा बावड्याला किंवा गारगोटीला फोन. रूट कॅनल होत असेल तर तिथंच, एक पैसा न लागता. होत नसेल तर निदान दुखणं थांबवून घ्या आणि मग नवे पारगाव.

जायच्या दिवशी सकाळी साडेआठच्या आत खिडकीपाशी पोचा. दातांच्या ओपीडीत खुर्च्या एक-दोनच असतात आणि निर्जंतुक केलेले संच मोजके. संच संपले की यंत्रात पुन्हा तापवून येईपर्यंत काम थांबतं, आणि साडेअकराला आलेल्यांना ‘उद्या या’ ऐकावं लागतं ते यामुळे. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळा. आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि खासगीत काढलेला एक्स-रे बरोबर घ्या. एक्स-रे मोबाईलमध्ये फोटो काढलेला असला तरी चालतो. तो पुन्हा काढायला लागला नाही तर अर्धा तास वाचतो. पोटभर खाऊन जा. रिकाम्या पोटी इंजेक्शन घेऊन घेरी आलेली मुलं प्रत्येक ओपीडीत दिसतात.

खुर्चीत बसल्यावर म्हणा : “डॉक्टर, मला दाढ वाचवायची आहे. रूट कॅनल इथं होत असेल तर तारीख द्या. होत नसेल तर आज दाढ उघडून दुखणं थांबवा आणि पुढं पाठवायची चिठ्ठी द्या.” दाढ उघडणं म्हणजे ड्रिल करून आतला सडका गाभा काढणं, औषध ठेवणं आणि वर तात्पुरतं सिमेंट भरणं. हे एका खेपेत होतं आणि त्या रात्री झोप लागते. दमा, झटके, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी यातलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा.

खालच्या दाढेचं इंजेक्शन जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात देतात. पाचेक मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ आणि जीभ जड व्हायला हवी. ओठ जड झाला नसेल तर तोंड उघडू नका, आधी सांगा. पू असलेल्या जागी भूल कमी चढते, कारण तिथं आम्लता वाढलेली असते. दुसरं इंजेक्शन मागण्यात लाज नाही, ‘एवढं तर सोसायलाच लागतं’ म्हणत मूठ आवळून बसायचे दिवस गेले. बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तोवर जेवू नका, गाल चावला तरी कळत नाही.

यानंतर जे बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी. पहिल्या खेपेत ठणका जातो आणि माणूस दुसऱ्या खेपेला येत नाही. तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवड्यांच्या बोलीचं असतं. ते झिजलं की कडेनं लाळ आत शिरते, जंतू परत वस्ती करतात. आणि पोखरलेली दाढ भाकरीचा कडक पापुद्रा किंवा फुटाणा चावताना उभी चिरते. मुळापर्यंत चीर गेली की मग कुठलाही डॉक्टर ती वाचवू शकत नाही. दुसरी तारीख चुकत असेल तर फोन करून पुढची घ्या, पण खेप सोडू नका. सिमेंट पडलं तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात जाऊन भरून घ्या.

कॅपचा खर्च सरकारी दवाखान्यात सहसा निघत नाही, कारण ती बाहेरच्या लॅबमध्ये बनते. दाढेला कॅप लागतेच, ती चावण्याचा सगळा भार घेते. पण तुमची दाढ मागची आहे, हसताना दिसत नाही. तेव्हा दाताच्या रंगाची सिरॅमिक न घेता साध्या धातूची कॅप मागा. ती स्वस्त पडते, पातळ असल्यानं दाढ कमी घासावी लागते आणि फुटत नाही. खासगीतला तो मोठा आकडा बऱ्याचदा सिरॅमिक कॅपनंच फुगलेला असतो. पैसे जमेपर्यंत पक्कं फिलिंग करून घ्या आणि त्या बाजूनं कडक चावू नका. महिना-दोन महिने चालतं, वर्षभर नाही.

आईचं म्हणणं कटकट मिटेल एवढंच आहे, पण खालची पहिली मोठी दाढ गेली की कटकट जागा बदलते. वरची दाढ रिकाम्या जागेत हळूहळू खाली उतरते, मागची पुढं कलते, फटीत घास अडकून शेजारचे दात किडतात. पुढं ती जागा भरायला रूट कॅनलच्या कितीतरी पट खर्च येतो. अक्कलदाढेचं गणित वेगळं. ती अर्धवट आलेली, हिरडीचा पडदा अंगावर असलेली आणि वारंवार सुजणारी असेल तर काढणंच शहाणपणाचं. तुमची दुखणारी दाढ सर्वात मागची तर नाही ना, हे आरशात एकदा बघून घ्या. वरची दाढ काढली की नजर जाते, पाळीत दात काढू नयेत, सफाई केली की दात हलतात, हे घरी कुणी म्हणालं तर तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात ते सिमेंटसारखा साठलेला थर निघाल्यामुळे. हिरडी आधीच सैल झालेली असते, थर फक्त ते झाकून ठेवत होता.

तपासून डॉक्टर म्हणाले की वाचण्यासारखी नाही, तर काढा. मग कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. तो दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हीच तिथली मलमपट्टी असते. ती उपसली गेली की हाड उघडं पडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते. तसं झालं तर गोळ्या वाढवू नका, परत जा. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की काही तासांत फरक पडतो. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या चुळा.

एक गोष्ट तारखेसाठी थांबायची नाही. सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरायला लागली, तोंड उघडेना, गिळताना त्रास व्हायला लागला, ताप चढला किंवा आवाज बदलला, तर रात्री दोन वाजलेले असले तरी सरळ सीपीआरच्या अपघात विभागात जा. ही सूज श्वासाची वाट दाबू शकते.

आता भावाचं, आणि खरं तर तुमच्या दाढेपेक्षा ते जास्त घाईचं आहे. त्याला आपल्याच हाताची तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, एकावर एक धरून उभी वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन जात असतील तर ठीक, दोनच जात असतील तर गाल आतून कडक व्हायला लागलेत. तांबडा रस्सा पूर्वी सहज जायचा आणि आता पहिल्या घोटाला तोंडाची आग होते का, तेही विचारा. माव्यात असलेल्या सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतल्या थरात दोऱ्यांसारखे कडक पट्टे तयार होतात. मावा थांबवला की पट्ट्यांची वाढ थांबू शकते, पण गेलेलं उघडणं आपोआप परत येत नाही. त्यासाठी गालात इंजेक्शनं आणि लाकडी पट्ट्यांचा व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो, फार पुढं गेलं तर शस्त्रक्रिया. तंबाखू सोडून नुसती सुपारी चालते असं कट्ट्यावर सांगतात, ते चूक. कॅन्सरचा धोका तंबाखूनं वाढतो, सुपारीनंही वाढतो, आणि हे कडक होणं तर मुख्यतः सुपारीचंच काम आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त असेल तर त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला लागतो. घरात आई किंवा आजी मशेरी लावत असतील तर त्यांचंही तोंड दाखवा, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. सोडायला मदत हवी तर १८०० ११२ ३५६ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

भावाची पगारस्लिप बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर त्याला दातांसकट सगळे उपचार मोफत आहेत. कापतात पण कार्ड हातात नाही असं असेल तर एचआरकडून विमा क्रमांक मागून घ्यावा. बहिणीला त्या कार्डावर सोय मिळत नाही, म्हणजे तुमचा मार्ग वेगळाच राहील. त्याला रविवारी सुट्टी असेल म्हणून थांबू नका, रविवारी ओपीडी बंद. त्याची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सकाळ रिकामी असते. तेव्हा त्याचं तोंड दाखवायला दोघं मिळून सीपीआरला जा. तुमची दाढही तिथं दाखवायची असेल तर केसपेपर वेगवेगळे काढा आणि खुर्चीत आधी त्याला बसवा.